हिरवळीखालची भुई

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि राजघराणी उभी राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मला आपणांशी बोलावयाचे आहे, तो त्याहून पुष्कळ खालचा, किंबहुना अक्षरशः पायांखालचा आहे. भुई सपाट कशी करावी, केलेली सपाट कशी राखावी आणि तिच्यावर पडणाऱ्या पाण्याला वाट कशी द्यावी, एवढाच हा विषय. सकृद्दर्शनी तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या मुलखात वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस बव्हंशी चार महिन्यांत कोसळतो, त्या कोकणच्या उत्तर पट्ट्यात हातभर भुई सपाट राखणे हे लहानसहान काम नव्हे. त्यासाठी पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण खर्ची पडलेले आहे.

हा विषय आज घ्यावयाचे निमित्तही सांगून टाकतो. पेण, अलिबाग आणि रोहे या बाजूस मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांनी अलीकडे सुट्टीची घरे बांधली आहेत. अशा घराच्या परसात कृत्रिम हिरवळीचा एक तुकडा अंथरावा आणि संध्याकाळी तिच्यावर गोल्फच्या खेळातील अखेरचा हलका टोला, ज्याला 'पट' म्हणतात, त्याचा सराव करावा, अशी हौस काहींना असते. चेंडू उडवावयाचा नसतो. तो जमिनीसरसा लोटून १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात घालावयाचा असतो. हौस निरुपद्रवी आहे. हिरवळ कारखान्यातून गुंडाळी होऊन येते आणि एका दिवसात अंथरून होते. पण पहिल्या पावसाळ्यानंतर तीच हिरवळ कोठे फुगते, कोठे खचते, कोठे तिच्याखाली पाणी साचून कुबट वास येऊ लागतो; आणि नेमाने लोटलेला चेंडू भलतीकडेच वळतो. तेव्हा मालक हिरवळीला दोष देतो. दोष बहुधा हिरवळीचा नसतो. हिरवळ विकत मिळते. भुई विकत मिळत नाही, ती करावी लागते. आणि ती कशी करावी याचे धडे त्या घराच्या आसपासच, शेपन्नास वर्षांमागे, घरोघर आणि खाडीकाठी गिरवले जात होते.

पेणची भूमी पाहिली तर तिच्यात दोन स्वभाव दिसतात. पूर्वेकडे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचा तांबूस मुरूम. पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट आणि त्याची काळसर चिकणमाती. मुरमात पाणी लवकर उतरते. चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या दोन मातींच्या संगतीत राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न सतत सोडवावा लागे: पाणी धरावे की सोडावे? या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे माणसाने शोधली. पाणी धरून ठेवणारी भुई, पाणी अंगावरून ओघळू देणारी भुई आणि पाणी पोटातून वाहू देणारी भुई. माझ्या मते सपाट भुईचा सारा इतिहास या तीन उत्तरांत सामावतो. पहिली दोन उत्तरे पेणच्या मातीतच सापडतात. तिसरे थोडे दूरवरून आले.

पाणी धरणारी भुई म्हणजे मिठागराची. पेण आणि उरण या तालुक्यांत मिठाचा धंदा जुना. आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी समाजाचे नाव पडले असे सामान्यतः मानले जाते. पावसाळा सरला की आगरातील चौकोनी वाफ्यांत साचलेले गोडे पाणी काढून टाकीत. मग चिखल उकरून सारखा करीत आणि स्त्रीपुरुष तो पायांनी तुडवीत. एकदा तुडवून भागत नसे. तुडवावयाचा, थोडा वाळू द्यावयाचा, पुन्हा तुडवावयाचा, लाकडी फळ्यांनी चोपावयाचा, असा क्रम कित्येक दिवस चाले. शेवटी वाफ्याचा तळ असा घट्ट होई की वर उभे असलेले खारे पाणी खाली मुरत नसे. ते केवळ उन्हाने आटे आणि मागे मीठ राही. तळ कोठे पोकळ राहिला तर पाणी जिरून जाई; तळ मऊ राहिला तर मीठ ओढताना माती वर येऊन मीठ काळे पडे. येथे सपाटीही नुसती डोळ्यांना सुखावणारी नको होती. वाफ्यात पाणी जेमतेम काही बोटे खोल असे. एका कोपऱ्यात ते अधिक खोल झाले तर एकीकडे मीठ धरे आणि दुसरीकडे पाणीच राही. पाण्याची सपाटी हीच तेथली पाणसळ. पाणी भरले की भुईचा उंचसखलपणा आपोआप उघडा पडे आणि पाय पुन्हा कामाला लागत.

या आगरांच्या आणि त्यांच्या शेजारच्या भातखाचरांच्या भोवती बाहेरकाठे बांध असत, आणि बांधात उघाडी असे. ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये, अशी ती झडप होय. आगरासाठी मात्र उधाणाचे पाणी मुद्दाम आत घ्यावे लागे. हे बांध राखण्याचे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. खारेपाटात शेतकरी ते मिळून करीत. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींविषयी कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. तत्पूर्वी आणि त्यानंतरही या मुलखातील शेती एका साध्या जाणिवेवर उभी होती. ती अशी की, जमिनीची उंची ही समुद्राशी केलेली गणिताची बाब आहे, आणि पाण्याला बाहेर पडावयास जागा नसेल तर सर्वांत उत्तम भुईही फुकट आहे. या जाणिवेकडे आपणांस पुढे परत यावयाचे आहे.

दुसरी भुई अंगणाची आणि खळ्याची. ती मिठागराच्या नेमकी उलट. तिने पाणी धरावयाचे नाही, पोटातही घ्यावयाचे नाही. अंगावरून ओघळू द्यावयाचे. पाऊस उघडला आणि दसरा-दिवाळीचे वारे वाहू लागले की कोकणात घरोघरी अंगण नव्याने केले जाई. पावसाने ओहोळ पाडलेले, शेवाळाने हिरवे झालेले जुने अंगण खणून काढीत. गवताची मुळे वेचीत. डोंगरपायथ्याचा मुरूम आणून पसरीत, ढेकळे फोडीत, पाणी शिंपीत, आणि ओल नेमकी बेताची झाली की धुमसाने आणि चोपण्याने ते चोपून काढीत. ओल कमी असेल तर माती धरत नाही. जास्त असेल तर ती चोपण्याला चिकटून उचलली जाते. हा बेत हाताला कळे. आज अभियंते प्रयोगशाळेत मातीतील ओलाव्याचे जे प्रमाण काढतात, ज्या प्रमाणाला माती सर्वाधिक घट्ट बसते, ते प्रमाण आपल्या आजीला मूठभर माती दाबून उमगत होते. अमेरिकेत प्रॉक्टर नावाच्या अभियंत्याने १९३३ साली हा नियम शास्त्राच्या भाषेत मांडला. नियम नवा नव्हता. त्याला आकडा नवा मिळाला.

अंगणाला ढाळ जोत्यापासून दूर असे. छपराच्या पागोळ्या जेथे पडत तेथे पाण्याच्या धारेने खळगा पडू नये म्हणून दगडांची ओळ बसवीत. वरून शेणाचे सारवण. सारवण ही नुसती शोभा नव्हे. ते मातीचे बारीक कण बांधून ठेवी, धूळ उडू देत नसे आणि लहान चिरा बुजवी. भात झोडावयाचे आणि मळावयाचे खळेही याच रीतीने करीत. तेथे खडा वर आला तर तो तांदळात जाई आणि तेथून दातांखाली. म्हणून खळ्याच्या भुईची परीक्षा रोजच्या जेवणात होत असे.

श्रोतेहो, या दोन्ही भुयांत एक गोष्ट समान होती, आणि तीच माझ्या मते फार महत्त्वाची आहे. त्या दोन्ही दर वर्षी नव्याने कराव्या लागत. पावसाळा त्या मोडी आणि माणूस त्या पुन्हा करी. त्यामुळे चूक झाली तर तिचे आयुष्य एका वर्षाचे. पुढच्या आश्विनात ती दुरुस्त होई. आणि ज्या मुलाने यंदा चोपणे धरले तो दहा वर्षांत दहा वेळा शिके. ही विद्या पुस्तकांत उतरली नाही याचे कारण तिला पुस्तकाची गरजच नव्हती. दर साली तिची उजळणी होत होती. इंग्रजी अमलात मिठाचा हिशेब मणांत आणि करात झाला. १८८२ आणि १८९० या सालांच्या कायद्यांनी आगरावर पहारे बसविले. १९३० साली मीठ हे एका राष्ट्राच्या लढ्याचे चिन्ह झाले. १९४७ साली मिठावरचा कर उठला. या साऱ्या कागदांत मीठ आहे. मिठाखालची भुई आणि ती तुडविणारे पाय मात्र क्वचितच आहेत.

भुई करणाऱ्याचे नाव इतिहासात उरत नाही, या नियमाला आपल्या महाराष्ट्रात एक तेजस्वी अपवाद आहे. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. पण त्यांचे आडनावच कोकणातील मूळ गावाची साक्ष देते. चांभार समाजात जन्मलेल्या या मुलाला पुण्यात पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरविण्याची. पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर खेळपट्टी करणे, रेषा आखणे, जाळी उभारणे आणि टेनिसची मैदाने आखणे ही कामे त्यांच्याकडे आली. मोकळ्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे. त्या सरावातून हिंदुस्थानचा पहिला थोर फिरकी गोलंदाज घडला. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला त्या संघात ते होते. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

पण ज्यांच्यासाठी ते बळी घेत, त्या आपल्याच संघातील काही मंडळी त्यांना चहा तंबूबाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून देत, हीही नोंद आहे. संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. बाळूंच्या गोलंदाजीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला त्यांच्या चरित्रातील ते पहिले वाक्य अधिक बोलके वाटते: ज्या हाताने चेंडू वळविला त्याच हाताने आधी वर्षानुवर्षे ती भुई बसविली होती. चेंडू कोठे पडला म्हणजे कसा वळेल हे ज्ञान रूळ ओढणाऱ्याला असावे यात नवल ते काय! ज्याने भुई केली तो तिचा स्वभाव ओळखतो. नवल एवढेच की समाजाने त्याचे हात दोन्ही कामांसाठी वापरले आणि पंगतीला मात्र नाकारले.

त्या काळी आपल्याकडे क्रिकेटचे पुष्कळ सामने काथ्याच्या चटईवर होत. मुरमाची पट्टी पाणी शिंपून, रूळ फिरवून कडक करीत आणि तिच्यावर चटई ताणून खिळे ठोकीत. आजच्या कृत्रिम हिरवळीची ही खरी आजी होय. चटई उत्तम असली तरी चेंडू कसा उसळेल हे खालचा मुरूम ठरवी. आजही रायगड जिल्ह्यात भातकापणीनंतर शेते सपाट करून टेनिसच्या चेंडूचे सामने भरतात आणि तेथेही खेळापूर्वीची अर्धी चर्चा पट्टीविषयीच असते.

आता गोल्फकडे वळू. हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळवंटी माळांवर वाढला. तेथील बारीक गवताखाली वाळू असल्यामुळे पाऊस पडला तरी पाणी टिकत नसे; निसर्गानेच पाया करून ठेवलेला होता. इंग्रजांनी तो खेळ इकडे आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटनबाहेरील पहिला. मुंबईचा १८४२ चा. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचे मैदान १९२७ चे. परंतु येथील उन्हाळ्यात ते गवत जगविणे दुरापास्त. म्हणून हिंदुस्थानात अनेक ठिकाणी खळग्याभोवती हिरवळीऐवजी वाळूत तेल कालवून चोपलेली तपकिरी भुई करीत. तिला साहेब लोक 'ब्राऊन' म्हणत. म्हणजे पाहा, हिरवळीचा खेळ या देशात आला आणि त्याला अंगणाचेच रूप घ्यावे लागले!

पुढे १९२२ च्या सुमारास फेअरबेर्न नावाच्या एका गृहस्थाने अमेरिका खंडात याच धर्तीवर एक मिश्रण केले: सरकीची टरफले, वाळू, तेल आणि हिरवा रंग. हे मिश्रण पक्क्या पायावर पसरले की गवताशिवाय हिरवळ तयार. विदर्भ-खानदेशात सरकीची टरफले गुरांपुढे टाकतात हे ठाऊक असणाऱ्या आपणांस याची गंमत वाटेल. या युक्तीमुळे शहरांच्या लहान जागांत, क्वचित गच्चीवरही, छोट्या गोल्फची लाट आली. १९६६ साली ह्यूस्टन येथील झाकलेल्या भव्य क्रीडागृहात प्लास्टिकची हिरवळ घातली गेली. छपराच्या पारदर्शक तावदानांची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून ती रंगविली आणि उजेडाअभावी खरे गवत मेले, हे त्याचे कारण. दहाच वर्षांनी, १९७६ साली, माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी, १९७५ साली, विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातवा आला. या पराभवाची कारणे एकाहून अधिक असतील. परंतु भुई बदलली की खेळ बदलतो, आणि नवी भुई करण्याची ऐपत ज्याच्यापाशी आधी येते त्याच्याकडे खेळ झुकतो, हा धडा त्या वर्षी आपणांस महागात शिकावा लागला.

आता राहिले तिसरे उत्तर, पाणी पोटातून वाहू देणाऱ्या भुईचे. त्याची पहिली पायरी रस्त्यांनी घातली. मॅकॅडम (१७५६ ते १८३६) या स्कॉटिश गृहस्थाने १८१६ पासून ब्रिस्टलचे रस्ते सांभाळताना एक गोष्ट ठासून सांगितली: गाडीचा भार अखेर दगड पेलत नाहीत, खालची मूळ माती पेलते, तिला कोरडी ठेवा म्हणजे ती काहीही पेलील. त्यासाठी रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच हवा, बाजूला गटारे हवीत, आणि खडी फोडलेली, टोकदार हवी. नदीतील गोल गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेली खडी कडेला कड भिडवून बसते. मॅकॅडमला पाणी वरूनच ओघळावयास हवे होते. लोहमार्गाने त्याची टोकदार खडी घेतली, पण तिच्या फटी मोकळ्या ठेवून पाण्याला आतून वाट दिली. पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीतून सहज खाली पाहिले तरी हे दिसेल. रोह्यापुढे कोकण रेल्वे सुरू होते, जिचा सबंध मार्ग १९९८ साली खुला झाला. त्या मार्गावर कोसळणारा पाऊस रुळांखालच्या खडीतून निचरून जातो आणि गाडीचा भार कोरड्या भरावावर पडतो. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली खऱ्या हिरवळीसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला त्यातही हेच तत्त्व आहे: वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान माती, खाली १० सेंटिमीटर खडी, तिच्याखाली भोके असलेल्या नळ्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्याने जे फुकट दिले होते, ते येथे हिशेबाने रचले.

आता पेणच्या परसात परत येऊ. समजा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशी जागा आहे. पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस या बाजूस नवलाचा नाही. तेवढ्या पावसात या लहानशा तुकड्यावर ५,००० लिटर पाणी पडते. हे पाणी कोठे जाणार, याचे उत्तर हिरवळ अंथरण्यापूर्वी दिलेले असले पाहिजे. कारण प्लास्टिकच्या हिरवळीला भोके असतात आणि पाणी तिच्यातून खाली उतरते. खाली चिकणमाती असेल तर आपण नकळत एक मिठागर बांधले! अंगणाप्रमाणे चोपलेला मुरूम असेल तर काही काळ भागेल, पण अंगण दर वर्षी खणून नवे करता येई. हिरवळ एकदा चिकटवली की तिच्याखाली चोपणे फिरत नाही. दहा-पंधरा वर्षे उघडावयाची नाही अशी भुई करावयाची तर ती तिसऱ्या जातीचीच हवी.

तेव्हा रीत अशी. डोंगरपायथ्याच्या जागेत वरची मऊ माती आणि मुळे साफ काढावीत, तळ चोपावा आणि तळालाच शंभरास एक-दोन असा ढाळ द्यावा. खारेपाटात मात्र खणू नये, भराव करावा. तेथे खणलेला खड्डा भरतीच्या दिवसांत खालूनच भरतो, आणि निचऱ्याची नळी ज्या ओहळात सोडावयाची त्याची पातळी जर तिच्याहून वर असेल तर नळी उलट्या दिशेने पाणी आणील. उघाडीचा धडा तो हाच. तळावर जाड, पाणी पाझरू देणारे कापड अंथरावे, म्हणजे पावसात मऊ झालेली चिकणमाती खडीच्या फटींत वर चढत नाही आणि खडी मातीत बुडत नाही. सखल कडेला भोकांची नळी बसवून तिला बाहेर वाट द्यावी. मग फोडलेली टोकदार खडी, एकूण १० ते १५ सेंटिमीटर, माती फारच चिकण असेल तर अधिक. सारी एकदम ओतून वरून रूळ फिरविला तर वरचा थर बसतो आणि खालचा पोकळच राहतो. म्हणून पाच-सात सेंटिमीटरचा एकेक थर ओलवून चोपीत जावे. १५ सेंटिमीटरच्या हिशेबाने आपल्या या तुकड्याला बसलेली खडी साडेसात घनमीटर लागते. सुटी त्याहून जास्त आणावी लागते. सर्वांत वर दोन-तीन सेंटिमीटर बारीक कच, तीही चोपून.

यानंतर तीन मीटर लांबीची सरळ फळी घेऊन भुईवर सर्व दिशांनी धरावी आणि तिच्याखाली उजेड कोठे दिसतो ते पाहावे. गाडीवाटेवर बोटभर खळगा चालतो. हळूच लोटलेल्या चेंडूला दोन-तीन मिलिमीटरही वळवितात. खळग्याचे पात्र याच वेळी बसवावे आणि त्याच्या तळाला खडीपर्यंत वाट ठेवावी, नाहीतर पावसाळाभर त्याचे डबके होते. कडेला पक्की दगडाची किंवा फळीची मर्यादा हवी. ती नसेल तर खडी हळूहळू बाहेर सरकते. पागोळ्यांखालची दगडांची ओळ आठवावी. आणि छपराचे पाणी या भुईवर मुळीच पडू देऊ नये. एवढे झाले की मग हिरवळ आणावी. खर्चाचा आणि श्रमाचा मोठा वाटा तोपर्यंत होऊन गेलेला असेल, आणि त्यातले काहीही डोळ्यांना दिसणार नाही.

डोळ्यांना न दिसणे हेच या विद्येचे दुर्दैव आहे. पेणच्या बाजूची बहुतेक मिठागरे आता बंद पडली आहेत. अंगणांची जागा फरशीने आणि सिमेंटच्या कोब्याने घेतली आहे. आश्विनात धुमसाचे आवाज येत नाहीत. यात हळहळण्याजोगे सारेच आहे असे मी म्हणत नाही. खाऱ्या पाण्यात उभे राहून ज्यांच्या पायांची कातडी फाटली, त्यांच्या मुलांनी दुसरा धंदा धरला याचा आनंदच मानावयास हवा. पण श्रम सुटले म्हणून ज्ञानही सुटावे असे थोडेच आहे? ज्या वृद्ध आगऱ्याने शेकडो वाफ्यांचे तळ तुडविले, तो अद्याप कोठे कोठे भेटतो. ओल्या मातीची मूठ दाबून ती चोपण्याजोगी झाली की नाही हे तो सांगू शकतो. खाडीचे पाणी कोणत्या तिथीला कोठवर चढते हेही तो सांगू शकतो. परसात हिरवळ अंथरणाऱ्या मालकाने शहरातून कारागीर बोलाविण्यापूर्वी अशा माणसाला एकदा जागा दाखवावी आणि त्याच्या सल्ल्याचे मोल द्यावे. त्यात उपकार नाही; व्यवहार आहे. कारण त्याचे पाय जे जाणतात ते आराखड्यात क्वचितच लिहिलेले असते.

आपल्या घरासमोरचे अंगण, शाळेचे क्रीडांगण किंवा परसातील हौसेचा हिरवा तुकडा, यांपैकी कोठेही आपण उभे असलात तरी खालची भुई कोणीतरी केलेली आहे आणि पाण्याला कोणीतरी वाट दिलेली आहे. येत्या पावसात पहिली मोठी सर पडेल तेव्हा पाच मिनिटे दारात उभे राहून आपल्या अंगणातील पाणी कोणत्या वाटेने जाते एवढे पाहावे. ते वेगाने आणि निमूटपणे निघून गेले, तर ज्याने ती भुई केली त्याने आपले काम चोख केले आहे असे समजावे.